दहा मिनिटांत उभा राहिलेल्या सर्व्हरचा धनी कोण?

डेटा ॲनालिटिक्ससाठी स्वतःचा सर्व्हर बसवायचा विषय निघाला की हल्ली एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. पूर्वी या कामाला महिने लागत, महागडी लायसन्स लागत, स्वतंत्र आयटी खाते लागे. आता मेटाबेस किंवा सुपरसेटसारखे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर डॉकरच्या एखाद-दुसऱ्या आज्ञेत उभे राहते. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की लॉगिनचे पान येते, डेटाबेसचा पासवर्ड दिला की दुपारच्या चहापर्यंत पहिला डॅशबोर्ड तयार. मग ॲडमिन नावाचा माणूस पोसायचा कशाला? या युक्तिवादाचा पहिला भाग अगदी खरा आहे; बसवणे खरोखरच सोपे झाले आहे आणि त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. दुसरा भाग मात्र पहिल्यातून निघत नाही. बसवताना जे प्रश्न पूर्वी माणसाला विचारले जात, ते आता विचारले जात नाहीत एवढेच. गुप्त किल्ली कोणती, माहिती कुठल्या डिस्कवर, कोणाला काय दिसावे, एक क्वेरी किती वेळ चालू द्यावी, दिवस कधी संपतो: या सगळ्यांची उत्तरे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने आधीच भरून ठेवलेली असतात. ती उत्तरे त्याने तुमची संस्था न पाहता दिलेली आहेत. त्यांतली कोणती ठेवायची आणि कोणती बदलायची हे ठरवणे म्हणजे ॲडमिनचे काम, आणि ते दहा मिनिटांच्या आत बसत नाही.

हे नुसते तर्काने सांगायची गरज नाही, सुपरसेटचे प्रकरण पुरेसे बोलके आहे. सुपरसेटचा जन्म एअरबीएनबी कंपनीतला, पुढे तो अपाची फाउंडेशनकडे गेला. लॉगिन केलेल्या माणसाची ओळख तो ब्राउझरमधल्या कुकीत ठेवतो आणि त्या कुकीवर एका गुप्त किल्लीने सही करतो. ही किल्ली ज्याला ठाऊक, तो ‘मी ॲडमिन आहे’ अशी कुकी घरबसल्या तयार करू शकतो. पासवर्डची गरजच उरत नाही. आत शिरला की जोडलेले सगळे डेटाबेस त्याच्या हातात. आता सुपरसेटसोबत एक नमुन्याची किल्ली येत असे, आणि ती अर्थातच जगजाहीर होती. होरायझन३ या सुरक्षा कंपनीने २०२१ च्या ऑक्टोबरात इंटरनेटवर उघडे असलेले सुपरसेट तपासले, तेव्हा १,२८८ पैकी ९१८ ठिकाणी तीच किल्ली जशीच्या तशी होती. कंपनीने हे कळवल्यावर जानेवारी २०२२ मध्ये सुपरसेटकारांनी नमुन्याच्या किल्लीचा मजकूरच बदलून ‘चेंज मी’ने सुरू होणारा केला आणि ती न बदलल्यास लॉगमध्ये इशारा येईल अशी सोय केली. २०२३ च्या फेब्रुवारीत पुन्हा मोजणी झाली: सुमारे ३,१७६ पैकी २,१२४ सर्व्हर अजूनही कोणत्या ना कोणत्या जाहीर किल्लीवर चालत होते. म्हणजे किल्ली स्वतःच ‘मला बदला’ म्हणत होती, आणि ती तशीच लावून लोक मोकळे झाले होते. काहींनी तर मार्गदर्शिकेत ‘तुमची स्वतःची किल्ली इथे’ अशा अर्थाचा जो मजकूर होता, तोच किल्ली म्हणून चिकटवला होता.

यावर सुपरसेटने एप्रिल २०२३ मध्ये जे केले ते महत्त्वाचे आहे. २.१ या आवृत्तीपासून नमुन्याची किल्ली आढळली की सर्व्हर सुरूच होत नाही. ॲडमिनविरोधी मंडळी नेमके हेच उदाहरण आपल्या बाजूने मांडतात: पाहा, सॉफ्टवेअर सुधारले, माणसाची गरज संपली. पण मग हेही विचारायला हवे की २.१ वर गेले कोण? सव्वा वर्ष इशारा लॉगमध्ये छापला जात होता आणि दोन-तृतीयांश ठिकाणी तो वाचायला कोणी नव्हते, तर नवी आवृत्ती आली हे वाचायला कोणी असेल असे का मानायचे? दुरुस्ती निघणे आणि ती आपल्या सर्व्हरवर लागणे या दोन घटनांच्या मध्ये माणूस उभा असतो. जुलै २०२३ मध्ये मेटाबेसमध्ये सापडलेला दोष याहून भयंकर होता. पहिल्या मांडणीच्या वेळी वापरायचे एक टोकन मांडणी झाल्यावर नष्ट व्हायला हवे होते. ते तसेच राहत होते आणि लॉगिन न करताही बाहेरच्याला दिसत होते. त्याच्या जोरावर कोणीही त्या सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवू शकला असता. चूक पूर्णपणे सॉफ्टवेअरची, ॲडमिनचा त्यात काडीचा दोष नाही. दुरुस्त आवृत्ती लगेच निघालीही. पण त्यानंतर उघडा राहिलेला प्रत्येक दिवस हा ज्याचा सर्व्हर त्याचा होता.

मेटाबेसचीच आणखी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे, कारण ती ‘एका आज्ञेत’ची खरी किंमत दाखवते. मेटाबेस तुमचा मूळ डेटा स्वतःकडे घेत नाही, पण तुम्ही तयार केलेले प्रश्न, डॅशबोर्ड, वापरकर्ते आणि त्यांच्या परवानग्या कुठेतरी ठेवाव्या लागतात. काहीच सांगितले नाही तर तो हे सगळे एच२ नावाच्या अंगच्या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतो, आणि डॉकरमध्ये ती फाइल कंटेनरच्या, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या बंद डब्यात चालते त्याच्या, पोटात असते. सहा महिने लोक राबतात, दीडशे डॅशबोर्ड तयार होतात. मग कोणीतरी शहाणपणाने नवी आवृत्ती घ्यायची ठरवतो, जुना कंटेनर काढून टाकतो, नवा चढवतो आणि लॉगिन करायला जातो तर समोर पहिल्या दिवशीचे स्वागताचे पान. काम कंटेनरबरोबर गेले. एच२ हे नुसते चाखून पाहण्यासाठी आहे, रोजच्या वापराला पोस्टग्रेससारखा वेगळा डेटाबेस द्या, असे मेटाबेसची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते. म्हणजे ज्या सोपेपणाचे कौतुक चालले आहे तो चाखून पाहण्याचा सोपेपणा आहे, हे खुद्द बनवणाऱ्यांनी लिहून ठेवलेले आहे. या उदाहरणात आणखी एक खोच आहे. अपडेट न करणारा हल्ल्याला बळी पडतो हे वर पाहिले. इथे अपडेट करणारा बळी पडतो. दोन्हींतून सुटका एकाच गोष्टीने होते: आपला सर्व्हर काय कुठे ठेवतो हे माहीत असलेला माणूस.

बॅकअपचा मुद्दा काढला की सगळे माना डोलावतात, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. गिटलॅब ही अट्टल तंत्रज्ञांची कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. बॅकअपचे वेगवेगळे पाच मार्ग कागदावर होते, गरज पडली तेव्हा एकही धड उपयोगी आला नाही. रोजचा बॅकअप घेणारे साधन पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचे आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. आणि तो होत नसल्याच्या ई-मेल पाठवल्या जात होत्या, पण त्या वाटेतच नाकारल्या जात होत्या. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी काढून ठेवलेली एक प्रत होती म्हणून कंपनी वाचली. हे सगळे गिटलॅबने स्वतःहून जाहीर केले, हा त्यांचा मोठेपणा. टॅब्लो सर्व्हरसारख्या विकतच्या, महागड्या साधनातही बॅकअपची आज्ञा डेटा घेते पण सर्व्हरची मांडणी आणि सेटिंग्ज घेत नाही; त्यांच्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. बॅकअप ‘लावला’ या शब्दावर विसंबणाऱ्याला हे कळते ते सर्व्हर कोलमडल्यावरच. बॅकअप परत चढवून पाहणे हे काम कोणत्याही आज्ञेत येत नाही, कारण परत आलेले आकडे बरोबर आहेत की नाहीत हे ओळखायला ते आकडे माहीत असावे लागतात.

इथे समोरची बाजू आपला सर्वांत वजनदार मुद्दा काढते. सर्व्हर स्वतः चालवण्याची ही सगळी कटकट म्हणजेच स्वतः सर्व्हर न चालवण्याचे कारण. क्लाउडवरची तयार सेवा भाड्याने घ्या, ॲडमिनचे काम सेवा देणाऱ्यावर सोडा. यात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवे. डिस्क भरणे, ऑपरेटिंग सिस्टीमच्या दुरुस्त्या, मशीन बंद पडणे या गोष्टी भाड्याबरोबर खरोखर सुटतात, आणि छोट्या संस्थेसाठी तो सौदा बहुधा फायद्याचा असतो. पण प्रशासन सुटते का? २०२४ मध्ये स्नोफ्लेक या मोठ्या क्लाउड-सेवेच्या ग्राहकांचा डेटा चोरीला गेला. मँडियंट या तपास करणाऱ्या कंपनीने सुमारे १६५ संस्थांना धोक्याची सूचना दिली. टिकेटमास्टर आणि एटी अँड टी ही त्यांतली गाजलेली नावे. एटी अँड टीच्या जवळपास सगळ्या मोबाइल ग्राहकांच्या २०२२ मधल्या सहा महिन्यांच्या कॉल-मेसेजच्या नोंदी बाहेर गेल्या. स्नोफ्लेकची यंत्रणा फोडल्याचा पुरावा तपासात मिळाला नाही. चोरांनी ग्राहकांच्याच खऱ्या यूजरनेम-पासवर्डने लॉगिन केले होते. ते पासवर्ड कर्मचाऱ्यांच्या संगणकांतून कधीतरी चोरले गेलेले, काही तर २०२० सालचे. ते बदललेले नव्हते, त्या खात्यांवर दुसऱ्या टप्प्याची ओळखतपासणी लावलेली नव्हती आणि कोणत्या पत्त्यावरून लॉगिन चालेल याचे बंधन नव्हते. तिन्ही सोयी सेवेत उपलब्ध होत्या. त्या चालू करणे ग्राहकाकडे होते, आणि ग्राहकाकडे हे काम कोणाचेच नव्हते. त्यानंतर स्नोफ्लेकने ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या खात्यांना दुसऱ्या टप्प्याची तपासणी सक्तीची केली. मशीन भाड्याने मिळते. कोण आत येणार हे ठरवणारा माणूस भाड्यात येत नाही.

दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो आणि मला तो जास्त प्रामाणिक वाटतो. ॲडमिन नेमला की तो दरवान होतो. प्रत्येक रिपोर्टसाठी अर्ज, प्रत्येक टेबलासाठी मंजुरी, आणि शेवटी लोक कंटाळून एक्सेलकडे परततात. असे ॲडमिन आहेत, भरपूर आहेत. पण मोकळीक हवी असेल तर तिच्याखाली काय लागते ते एका हिशेबाने पाहू. पोस्टग्रेसमध्ये ‘वर्क-मेम’ नावाची एक सेटिंग आहे, मुळात ४ एमबीची. रिपोर्ट हळू चालतात म्हणून कोणीतरी ती २५६ एमबी करतो; तसा सल्ला जागोजागी मिळतो. ही मर्यादा पूर्ण सर्व्हरला लागू आहे असे वाटते, तशी ती नाही. ती एका वापरकर्त्यालाही नाही. एका क्वेरीतल्या क्रम लावण्याच्या किंवा जोडणीच्या प्रत्येक पायरीला ती वेगळी लागू होते. महिनाअखेरीस चाळीस जणांनी डॅशबोर्ड उघडले आणि प्रत्येक क्वेरीत अशा तीन पायऱ्या असल्या, तर २५६ गुणिले ३ गुणिले ४० म्हणजे ३० जीबी. सर्व्हरमध्ये आहेत १६. मग लिनक्स स्वतःला वाचवण्यासाठी पोस्टग्रेसची एखादी प्रक्रिया मारतो, आणि एक मेली की पोस्टग्रेस बाकीची सगळी सत्रे तोडून पुन्हा उभा राहू लागतो. बिलिंगचा काउंटर त्याच डेटाबेसवर असेल तर तोही थांबतो. एक क्वेरी किती वेळ चालू द्यायची याची मूळ मर्यादा पोस्टग्रेसमध्ये शून्य, म्हणजे अमर्याद आहे, त्यामुळे चुकीची जोडणी केलेली क्वेरी रात्रभरही चालू शकते. जो ॲडमिन रिपोर्टसाठी डेटाबेसची वेगळी प्रत ठेवतो, क्वेरीला दोन मिनिटांची मर्यादा घालतो आणि मग लोकांना सांगतो की आता हवे ते विचारा, तो दरवान नाही. त्याने दार उघडे ठेवण्याची सोय केली आहे. मोकळीक द्यायला आधी कोणीतरी हा हिशेब केलेला असावा लागतो.

‘मग एक्सेलच बरे’ म्हणणाऱ्यांसाठी एवढेच: इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०२० मध्ये कोरोना तपासण्यांचे निकाल जुन्या एक्सएलएस फाइलमधून पुढे पाठवले. त्या प्रकाराच्या फाइलमध्ये ६५,५३६ च ओळी मावतात. त्यावरच्या गळाल्या आणि १५,८४१ बाधितांची नोंद आकडेवारीत वेळेवर आलीच नाही. तिथेही कमी पडला तो मर्यादा जाणणारा माणूस.

ॲडमिनचे काम तांत्रिक आहे आणि तंत्र रोज सुधारते, म्हणून ते काम संपत जाणार, हा या सगळ्या आक्षेपांच्या मुळाशी असलेला समज. काही कामे संपतीलही. पण कुठलेही सॉफ्टवेअर आपणहून ओळखू शकणार नाही अशा गोष्टी पाहा. दिवस कधी संपतो? सर्व्हर सहसा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. डॅशबोर्डचा टाइमझोन बदलला नाही तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचा व्यवहार आदल्या तारखेत पडतो. दिवसा चालणाऱ्या दुकानाला हे कळणारही नाही. पण वाशीच्या बाजार समितीसारख्या ठिकाणी, जिथे भाजीपाल्याच्या गाड्या रात्रीतून लागतात आणि व्यवहार पहाटेच सुरू होतो, तिथे रोजची आवक चुकीच्या दिवशी दिसेल, आणि १ एप्रिलच्या पहाटेचा माल मागच्या आर्थिक वर्षात जाईल. बेरीज तंतोतंत बरोबर, म्हणून कुठेही लाल दिवा लागत नाही. किंवा परवानग्या घ्या. मेटाबेसमध्ये प्रत्येक वापरकर्ता आपोआप ‘ऑल यूजर्स’ या गटात असतो आणि परवानग्या एकमेकींत मिळवल्या जातात. ज्या गटाला सर्वाधिक मुभा, ती त्या माणसाला मिळते. मनुष्यबळ विभागासाठी वेगळा गट केला, पगाराचे टेबल फक्त त्याला दिले, असे वाटून समाधान मानावे आणि ‘ऑल यूजर्स’ची मुभा काढायची राहून जावी, तर पगार सगळ्यांना दिसत राहतात. राजीनामा देऊन गेलेल्याचे खाते चालू आहे का, ‘ॲडमिन’ नावाचा सामाईक पासवर्ड व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरतो आहे का, ‘सक्रिय ग्राहक’ म्हणजे किती दिवसांत खरेदी केलेला: यांची उत्तरे संस्थेतच असतात.

राहिला पैशाचा प्रश्न. पतसंस्था, छोटा कारखाना, नगरपालिका यांना पूर्णवेळ ॲडमिन परवडत नाही, हे खरेच आहे, आणि त्याची गरजही नसते. आठवड्यातले काही तास पुरतात, पण ते तास कोणाच्या तरी नावावर आणि त्याच्या कामाच्या यादीत लिहिलेले हवेत. आपल्याकडे याच्या उलट चालते. खर्च मंजूर होतो तो बसवण्याचा. व्हेंडर येतो, सर्व्हर लावतो, दोन दिवसांचे ट्रेनिंग देतो, साहेबांसमोर मोठ्या पडद्यावर डॅशबोर्ड फिरवतो. वार्षिक देखभालीच्या करारात मशीनची दुरुस्ती असते, परवानग्यांचा आढावा किंवा बॅकअप चढवून पाहणे नसते. गावची नळपाणी योजना अशीच होते: टाकी बांधून उद्घाटन झालेले, आणि पंप चालवणाऱ्याच्या मानधनाची तरतूद कोणत्याच ठरावात नाही.

शिवाय कायदा संस्थेचा आकार पाहून थांबत नाही. सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत. डॉकरमध्ये वेगळे काही न सांगता चालवलेल्या कंटेनरचे लॉग कंटेनर काढला की त्याच्यासोबत पुसले जातात. म्हणजे जी संस्था नियमाने अपडेट करते, तीच दर अपडेटला आपले लॉग गमावत असू शकते, आणि हे तिला कळेल ते पहिल्यांदा कोणी ते मागितल्यावर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न राखल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ॲडमिन परवडत नाही हे म्हणण्यापूर्वी त्याच्या तासांचा खर्च आणि हा दंड शेजारी ठेवून पाहावेत.

स्वतःचा सर्व्हर घ्यावा की क्लाउड, मुक्तस्रोत की विकतचे, हे वाद ज्याच्या-त्याच्या गरजेनुसार मिटतील. पुढचे कोटेशन टेबलावर येईल तेव्हा मात्र सही करणाऱ्याने त्यात एक रकाना वाढवावा: हा सर्व्हर कोण पाहणार, आठवड्याला किती तास, आणि ती व्यक्ती रजेवर गेली किंवा सोडून गेली तर कोण. बॅकअप शेवटचा कधी चढवून पाहिला याची तारीख दर तिमाहीला त्याच कागदावर भरावी. हा रकाना ज्या संस्थेला भरता येत नसेल, तिने तूर्त सर्व्हर घेऊ नये.